कच्च्या टाक्यांचं ऑफिस

मला घरात सगळे भडकू म्हणतात, आणि तसं म्हटलं की मी आणखी भडकते. म्हणोत बापडे. पण त्या दिवशी मी भडकले नसते, तर अॅम्ब्युलन्सचं अख्खं ऑफिस एका गोल काचेच्या खोलीभोवती बांधलं गेलं असतं, आणि ती खोली मीच मोठ्या हौसेने काढलेली होती. तेव्हा निदान या एका बाबतीत तरी माझ्या रागाला कोणी नावं ठेवू नयेत.

मी ऑफिसं आखून देते. म्हणजे पाटीवर तसं लिहिलंय. खरं सांगायचं तर तोवर मी स्वयंपाकघरातली कपाटं केली होती, एक औषधाचं दुकान केलं होतं आणि एका दातांच्या डॉक्टरांकडे पेशंटना बसायची जागा करून दिली होती. माणसं एका जागी कशी बसली म्हणजे एकमेकांच्या उपयोगी पडतील, यावर मी कोणालाही पकडून तासभर बोलू शकायचे. फक्त तसं ऑफिस मला कोणी देत नव्हतं. आणि शेवटी मिळालं कोणामुळे, तर माझ्या धाकट्या बहिणीमुळे, जिच्याशी माझं उठल्यापासून कशावरून ना कशावरून वाजत असतं.

धाकटी अॅम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये आहे. लोकांचे फोन ती घेते आणि गाड्या पाठवतात ते पलीकडच्या टेबलावरचे एक वयस्कर गृहस्थ, ज्यांना सगळे गाडीकाका म्हणतात. त्यांची जुनी इमारत गळायला लागल्यापासून सगळ्यांना एकाच खोलीत कोंबलेलं होतं. इथे फोन वाजतोय, तिथे वायरलेस खरखरतोय, मधूनच कोणी चहाचा कप शोधतंय. आता त्यांना नव्या इमारतीत एक पूर्ण मजला मिळाला होता. धाकटीने त्यांच्या साहेबीणबाईंना, म्हणजे मोठ्या बाईंना, माझं नाव सुचवलं आणि घरी येऊन मला बजावलं की माझं नाक कापू नकोस. मी तिला काय उत्तर दिलं ते आता आठवत नाही. मला आकाश ठेंगणं झालं होतं.

मी आधी सगळ्या माणसांशी बोलले. तुम्हाला नव्या जागेत काय हवंय? एकूण एक जण म्हणाला, शांतता. फोनवाल्यांना गाड्या सोडणाऱ्या गाडीवाल्यांचा आवाज नको होता, गाडीवाल्यांना फोनवाल्यांचा नको होता. गाडीकाकांनी तर हात जोडले आणि म्हणाले, पोरी, तुझ्या बहिणीच्या आवाजापासून मला वाचव, तुझे उपकार विसरणार नाही. मला त्यांचं म्हणणं असं काही पटलं म्हणता! कारण आमचं घर. बाबा शिंपी. पुढच्या खोलीत त्यांचं मशीन आणि गिऱ्हाइकं, मागच्या खोलीत आम्ही, आणि मध्ये एक पडदा. त्या पडद्याआड अभ्यास करताना मला जगभरातल्या बायकांच्या ब्लाउजची मापं पाठ झाली, गणित मात्र झालं नाही. मोठेपणी माणसांना दारं द्यायची हे मी तिथेच बसून ठरवलं होतं.

म्हणून मी मन लावून आराखडा केला. प्रत्येकाला आवाज शोषणाऱ्या जाड लोकरी नमद्याची उंच पार्टिशनं, म्हणजे शेजाऱ्याचा खोकलासुद्धा ऐकू येऊ नये. आणि अगदी मधोमध, काय सांगू, एक गोल काचेची खोली, सगळ्यांनी एकत्र बसून विचार करायला. तिला खालून वरपर्यंत आरपार न दिसणारा दुधी पट्टा, आत गोल टेबल. ती खोली काढताना मी चक्क गाणं म्हणत होते, असं आई सांगते.

मोठ्या बाईंना ते आवडलं, पण त्यांच्या टेबलावर दुसराही एक आराखडा होता. इमारत बांधणाऱ्यांनी आयता दिलेला. त्यात फोनवाले एका खोलीत, गाडीवाले दुसऱ्या खोलीत, मध्ये भिंत, आणि खिडकीजवळच्या कोपऱ्यात बाईंची केबिन. माहिती काय, कॉम्प्युटरवरून जाईलच. सुतार दारात येऊन उभे होते आणि बाईंना ठरवायचं होतं. माझं नाही घेतलं, तर मी पुन्हा कपाटांना बिजागऱ्या बसवणार होते, आणि माझ्या डोक्यातलं ते माणसं एकत्र बसवण्याचं खूळ तिथेच संपणार होतं. मी घरी येऊन भांडी आपटत होते.

तेव्हा बाबा बोलले. बाबांबद्दल इथे थोडं सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. आईने अॅम्ब्युलन्सला फोन केला. तेव्हा तिथे फोन एका खोलीत घ्यायचे, आणि गाडी दुसऱ्या खोलीतून सुटायची. आई पत्ता सांगत होती, मध्येच रडत होती, आणि परत परत विचारत होती की गाडी निघाली का. पलीकडचा माणूस म्हणायचा, विचारून सांगतो. गाडी आली, पण उशिरा आली. बाबा वाचले. उजवा हात मात्र पूर्वीसारखा झाला नाही. कातरी त्यांनी खिळ्याला लावली ती लावलीच. सदऱ्याच्या खिशात कपड्यावर खुणा करायचा खडू मात्र अजून असतो, सवयीने. पण त्या दिवसानंतर त्यांनी त्या खडूने एक रेघ ओढलेली मी पाहिली नव्हती. धाकटी त्या नोकरीत गेली ती त्यानंतरच. का गेली ते तिने कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

तर बाबा म्हणाले, "कोट शिवताना मी कधी एकदम शिवत होतो का? कच्चे टाके घालायचे, गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवायचा, हात वर करायला लावायचे. तुझ्या ऑफिसला अजून कोणी हात वर करायला लावलेले नाहीत."

मी चप्पल घातली आणि थेट मोठ्या बाईंकडे गेले.

बाई हसल्या, पण हो म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या नव्या मजल्यावर होतो. नुसती सिमेंटची जमीन आणि ताज्या रंगाचा वास. मी फ्रिजच्या दुकानातून मोठमोठी खोकी आणली होती, कारण कच्चे टाके घालायचे तर खोक्यांसारखं दुसरं कापड नाही. खोकी म्हणजे टेबलं, खोक्यांवर खोकी म्हणजे भिंती, आणि नमद्याच्या जागी आमच्या घरातली सगळी ब्लँकेटं. ज्यांची ड्यूटी नव्हती ते सगळे हौसेने आले होते. धाकटी आणि गाडीकाका आपापले लॅपटॉप घेऊन बसले, त्यांत नवीन माणसांना शिकवायचा सरावाचा प्रोग्राम होता. आणि मी सगळ्यांवर ओरडतेय, असा माझा अवतार.

फोन करणार होती आई. धाकटीने तिला सगळं लिहून दिलं होतं. काय झालंय, मग पेशंटचं वय, मग गल्ली, मग खूण, मग फाटकाचा रंग. आई जिन्याजवळ स्टुलावर बसली, चष्मा लावून, कागद हातात धरून. आणि पेशंट कोण, तर बाबा. त्यांनीच हट्ट धरला. म्हणाले, मला अनुभव आहे. ते बाकावर आडवे झाले, डोळे मिटले आणि एक डोळा उघडून मला विचारलं की मरताना चहा मिळतो का.

आधी आयत्या आराखड्याची पाळी. खोक्यांची भिंत मध्ये उभी केली. आईने फोन लावला आणि जी सुरू झाली ती काय विचारता. धाकटीने माहिती भरायला घेतली, पण आईने फाटकाचा रंग आधी सांगितला आणि गल्ली राहिली. गल्ली भरल्याशिवाय प्रोग्राम पुढे जाईना. आईचा कागद वाचून संपला, तिने तो पुन्हा वरून वाचायला घेतला, तेव्हा कुठे भिंतीपलीकडे गाडीकाकांच्या पडद्यावर निरोप आला आणि त्यांनी गाडी सोडली. आई फणकारली. बाबा बाकावरून म्हणाले की मी गेलो बरं का, रडायला लागा. सगळे हसले. आणि मी? खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. आयता आराखडा नापास!

मग माझा. आम्ही धावतपळत खोकी हलवली. मधोमध माझी गोल खोली उभी राहिली, छातीपेक्षा उंच, आणि भोवती ब्लँकेटं पांघरलेली टेबलं. किती छान दिसत होतं ते! एकाच मोठ्या जागेत सगळे, तरी प्रत्येकाला आपली शांत गुहा. गाडीकाका आपल्या खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले की कितीतरी वर्षांनी कानांना सुट्टी मिळाली. मी मोठ्या बाईंकडे बघितलं. त्यांनी मान डोलावली. मनातल्या मनात मी पाटीला नवा रंगसुद्धा दिला.

आईने फोन लावला. मी एका खोक्यावर चढून वरून बघत होते. आई म्हणाली, यांचं तोंड वाकडं झालंय, बोलता येत नाही. आणि धाकटीचा डावा हात वर गेला.

मला आधी काही कळलंच नाही. उजव्या हाताने ती टाइप करत होती, डोळे पडद्यावर, आणि डावा हात सरळ वर, वर्गात उत्तर येत असलेल्या मुलीसारखा. तोंडाने ती आईचा एकेक शब्द मोठ्याने परत म्हणत होती. तोंड वाकडं. बोलता येत नाही. पाण्याच्या टाकीसमोर. हीच ती बडबड, जिच्याबद्दल सगळं ऑफिस तक्रार करत होतं. आणि तो हात कोणासाठी वर होता, ते मी मान वळवल्यावर मला दिसलं. गाडीकाकांसाठी. जुन्या खोलीत ते त्या हाताकडे तिरक्या डोळ्याने बघत असणार, हात दिसला की वायरलेसवरून ड्रायव्हरला गाडीत बसा म्हणून सांगत असणार, आणि पत्ता तिच्या बडबडीतून उचलत असणार. कॉम्प्युटर काय, मागाहून यायचा. हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं, कारण त्यांनाच ते माहीत नव्हतं. धाकटीला आजही विचाराल तर म्हणेल, मी कुठे हात वर करते?

आता मात्र त्या हाताच्या आणि गाडीकाकांच्या मध्ये माझी गोल खोली उभी होती. आणि तिचा आवाज माझी ब्लँकेटं गिळत होती. गाडीकाका पलीकडे आरामात बसले होते. धाकटीचा हात तसाच वर.

आणि मग जिन्याकडून आईचा आवाज आला. कागदावर नव्हतं ते ती बोलत होती.

"गाडी निघाली का? सांगा ना, निघाली का?"

बाबांनी डोळे उघडले. ते थट्टा करत नव्हते. तो आवाज आमच्या घरात सगळ्यांनी एकदाच ऐकलेला आहे आणि पुन्हा ऐकायची कोणाचीच तयारी नव्हती. हे नाटक आहे हे आई विसरली होती. ती स्टुलावरून उठून उभी राहिली होती, कागद खाली पडला होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोणावर म्हणाल, तर माझ्यावर, त्या खोलीवर, त्या दुधी पट्ट्यावर, गाणं म्हणत काढलेल्या एकेका रेघेवर. मी खोक्यावरून उडी मारली आणि माझ्या गोल खोलीला अशी लाथ घातली की ती धडाधड सगळी खाली आली. मोठ्या बाई दचकून मागे सरकल्या. त्यांना वाटलं असणार, हिला वेड लागलं. मी ब्लँकेटं ओढून काढत होते आणि ओरडत होते की टेबलं उचला, जवळ आणा, आणखी जवळ, अहो बघता काय, उचला.

धाकटी सगळ्यात आधी उठली. का ते तिने विचारलं नाही, आयुष्यात पहिल्यांदा. मग गाडीकाका उठले, मग बाकीचे, आणि मग जे काही झालं ते सांगायला मला आजही दम लागतो. खोकी सरकताहेत, माणसं एकमेकांवर आपटताहेत, कोणी म्हणतंय इकडे, कोणी म्हणतंय तिकडे. मी फोनवाल्यांना आणि गाडीवाल्यांना समोरासमोर, एका वाकड्या कमानीत बसवलं. पार्टिशन फक्त कोपरापर्यंत. प्रत्येकाने बसून बघायचं की आपल्या जोडीदाराचा हात दिसतो का. नाही दिसला की खोकं सरकवायचं. आवाजाचं काय, असं गाडीकाकांनी विचारलं, आणि त्यांचं बरोबरच होतं. मग आम्ही आवाज वेगळे केले. कामाचा आवाज आत राहील. प्रिंटर, चहा, येण्याजाण्याची वाट, गप्पा, हे सगळं भिंतीपलीकडे. ते काढल्यावर उरतं काय, तर फक्त एकमेकांचं बोलणं. गाडीकाका थोडा वेळ बसून ऐकत राहिले आणि म्हणाले, एवढं चालेल, एवढं तर लागतंच.

आणि दार? दार मी सोडलं नाही. फोनवाल्यांपैकी एक मुलगी मला आधी हळूच म्हणाली होती की वाईट फोन आला आणि माणूस वाचला नाही, की कुठे जाऊन बसावं ते कळत नाही. शांतता तिथे हवी होती. फोनच्या आधी नाही, फोनच्या नंतर. मी एक खोकं उचललं आणि त्या दारवाल्या छोट्या खोलीसाठी चांगली खिडकी शोधायला लागले. चांगली खिडकी एकच होती आणि तिथे आयत्या आराखड्यातली मोठ्या बाईंची केबिन अजून तशीच मांडलेली. मी गप्प उभी राहिले, जे मला फारसं जमत नाही. बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग त्या खिडकीकडे. मग पदर खोचला, स्वतःचं खोकं स्वतः ढकलत नेलं आणि कमानीच्या टोकाशी ठेवलं.

आता आई ऐकेना. पुन्हा फोन करणार नाही म्हणाली. मला ते शब्द परत बोलवणार नाहीत, म्हणाली. धाकटीने समजावलं, मी समजावलं, काही उपयोग नाही. शेवटी बाबा बाकावर पुन्हा आडवे झाले आणि त्यांनी तिला हाक मारली. म्हणाले, अगं, एकदाच, या वेळी मी मरणार नाही. आईने त्यांच्याकडे रागाने बघितलं आणि जिन्याशी गेली.

फोन वाजला. धाकटीने उचलला.

आई म्हणाली, यांचं तोंड. धाकटीचा हात वर गेला. समोर गाडीकाकांनी मानसुद्धा पूर्ण वळवली नाही, नुसता वायरलेस उचलला आणि गाडीत बसा म्हणाले. धाकटी म्हणाली, पाण्याच्या टाकीसमोर. गाडीकाका म्हणाले, पाण्याची टाकी, निघा. आईचं वाक्य अजून चालूच होतं. गल्ली व्हायची होती, फाटक तर कुठल्या कुठे होतं.

"आई," धाकटी फोनवर म्हणाली, आणि कामावर असताना ती असं कोणाला म्हणत नाही, "गाडी निघाली."

आई जिन्याकडून आत आली, फोन अजून कानाला. ती माझ्याकडे आली नाही, धाकटीकडेही गेली नाही. सरळ बाकापाशी गेली.

"एवढ्यात?" ती म्हणाली. "मी तर अजून सांगतच होते."

बाबा उठून बसले. तिने त्यांचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि तो उलटा सुलटा करून बघत राहिली. त्या वेळी कोणीतरी असा हात वर केला असता तर, हे आमच्या चौघांच्याही मनात होतं. मी तरी तोंड फिरवून मनसोक्त रडले. रडताना हसत होते, आणि हसताना हेही दिसत होतं की मोठ्या बाई सुतारांना फोन लावताहेत आणि माझ्याकडे बघून नुसतं हो, हो म्हणताहेत. मिळालं! माझं पहिलं ऑफिस मला मिळालं, आणि त्यात माझ्या आराखड्यातलं एका दाराशिवाय काहीही उरलेलं नव्हतं.

गडबड पुढेच होती. खोकी उचलण्याआधी जमिनीवर खुणा करायला हव्या होत्या आणि माझी चिकटपट्टी कधीच संपली होती. मी सगळ्यांवर खेकसत दुसरी शोधत होते, तेवढ्यात बाबा बाकावरून उठले. खिशातून खडू काढला, डाव्या हातात धरला आणि कमानीच्या एका टोकाला उकिडवे बसले. मी पुढे झाले तर धाकटीने माझा दंड धरला. बाबा हळूहळू सरकत, खोक्यांच्या कडेने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ ओढत गेले. मध्ये एकदा थांबले, मान तिरकी करून बघितलं, जसं पूर्वी कापडाकडे बघायचे तसं, आणि पुढे गेले. टोकाशी पोचून त्यांनी खडू फुंकला आणि खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सुतार आले. मोठ्या सुताराने रेघ पाहिली आणि म्हणाला की ही इथे फुगलीय, तिथे दबलीय, एकसारखी करून घेऊ का. केसभर फरक पडला तर मी कपाट परत पाठवते, हे त्यालाही माहीत होतं.

"हात लावू नका," मी म्हटलं. "अशीच कापा."